लढाईचं वावर

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या बाळापूरची लढाई दोन ओळींत संपते. १० ऑगस्ट १७२० रोजी बाळापूरजवळ निजाम-उल्-मुल्क आणि आलम अली खान यांच्यात लढाई झाली, आलम अली खान मारला गेला, दख्खन निजामाच्या हाती आली. झालं. परीक्षेत एवढं लिहिलं तं पूर्ण मार्क मिळतात. पण शेतकऱ्याचं डोकं वेगळं चालते. ‘जवळ’ या शब्दावर त्याचं समाधान होत नाही. बाळापूरजवळ म्हणजे कुठी? मन नदीच्या अलीकडं का पलीकडं? पारसकडं, वाडेगावकडं, का शेगावच्या वाटेवर? शिवार कोणतं अन् वावर कोणाचं? आमच्याकडं धुरा एक हात सरकला तं भावाभावात कोर्टकचेरी सुरू होते अन् नातवापर्यंत चालते. इथं हजारो माणसं लढली, हत्ती-घोडे मेले, पण त्या जागेचा धुरा कोणाला दाखवता येत नाही.

मी दहावीपर्यंत शिकलो अन् मग वखराच्या मागं लागलो, पण वाचायची खोड सुटली नाही. ही लढाई डोक्यात बसायचं कारण साधं आहे. आमचं गाव याच तालुक्यातलं. ज्या भागातून फौजा गेल्या त्याच भागात आम्ही कपाशी डवरतो, तूर सोंगतो. आपण ज्या मातीचं खातो तिच्यात काय काय जिरलं आहे, हे माणसाला ठाऊक असावं असं मला वाटते.

आताच्या पोरांना वाटते की नकाशात सगळं सापडते. मोबाइल काढला, नाव टाकलं, की बोट दाखवलं. गावातल्या एका कॉलेजातल्या पोराला प्रोजेक्ट होता. त्यानं ‘बाळापूर’ टाकलं तं बाळापुरांची रांगच लागली. हिंगोली जिल्ह्यात आखाडा बाळापूर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडं तळोधी बाळापूर आहे. अन् हैदराबादला लागून एक बाळापूर आहे, जिथल्या गणपतीच्या लाडवाचा लिलाव दरवर्षी पेपरात येतो. निजाम म्हटलं की हैदराबाद, असा हिशेब करून पोरानं लढाई तिकडंच नेऊन ठेवली. मी म्हटलं, “बाबू, १७२० मधी हैदराबाद त्याच्या हातात नव्हतंच. ते पुढं आलं, तेबी आपल्याच वऱ्हाडातली दुसरी लढाई जिंकल्यावर.”

ती दुसरी लढाई म्हणजे १७२४ ची, मुबारिज खानाशी झालेली. इतिहासात ती ‘शकरखेड्याची लढाई’ म्हणून येते. निजामानं जिंकल्यावर गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवलं. आज बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यात जा, लोक गावाला साखरखेर्डा म्हणतात. म्हणजे पुस्तकात एक नाव, जुन्या दफ्तरात दुसरं, लोकांच्या तोंडी तिसरं. ज्याला हे माहीत नाही तो नकाशावर फत्तेखेर्डा शोधून थकून जाईल. त्यातही फारसी लिहिणाऱ्याच्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, नुक्ता इकडचा तिकडं झाला की गाव बदलते. इंग्रजानं त्याच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. अडगावचं ‘आर्गॉम’ झालं, सिरसोलीचं ‘सेरसूली’ झालं, जालन्याकडच्या केळणा नदीची ‘कैटना’ झाली. तारखांचंही तसंच. इंग्लंडात १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर होतं, ते बदलताना त्यांनी ११ दिवस गाळले. त्यामुळे त्याआधीच्या लढायांची तारीख काही पुस्तकांत दहा-अकरा दिवस मागची दिसते. नाव डळमळीत, तारीख डळमळीत, अन् अंतर कोसात. कोसाचं माप तं मुलखागणिक वेगळं. साधारण दोन मैल धरतात, पण कोसाची काठी कोणी नदीच्या पुरातून ओढत नेलेली नसते. दमलेला माणूस चिखलात चालला की दोन कोसांचे तीन कोस होतात.

आता लढाईकडं येतो, कारण जागा शोधायची तं फौजा कशा आल्या ते पाहावं लागते.

दिल्लीत तेव्हा सय्यद बंधूंचा जोर होता. निजाम-उल्-मुल्क माळव्यात सुभेदार होता. त्याचं अन् सय्यदांचं बिनसलं. तो नर्मदा उतरून दक्षिणेत आला, अशीरगड अन् बुऱ्हाणपूर घेतलं. त्याच्या मागावर आलेल्या दिलावर अली खानाला त्यानं जून महिन्यात खंडव्याच्या बाजूला मारलं. इकडं औरंगाबादेत सय्यदांचा पुतण्या आलम अली खान होता. ऐन तरुण पोरगा. त्याच्या बाजूनं शाहू महाराजांकडची मराठी फौजही होती. तो अजिंठ्याच्या डोंगराखाली उतरला. मधी आडवी आली पूर्णा. पावसाळा लागलेला, नदीला पूर. एका थडीवर हे, दुसऱ्या थडीवर ते. मग निजामाच्या माणसांना वरच्या अंगाला उतार सापडला अन् त्याची फौज पार झाली. पुढचे दिवस पाऊस, गारा, दाण्याची टंचाई अन् मराठी घोडेस्वारांचे छापे यांत गेले. अन् शेवटी बाळापूरजवळ गाठ पडली. आलम अली खान हत्तीवर बसून लढला अन् तिथंच पडला.

१० ऑगस्ट म्हणजे आमचा श्रावण. श्रावणातली आमची काळी जमीन ज्यानं पाहिली नाही त्याला ही लढाई कळायची नाही. पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो, काढला की शेरभर माती चिकटून येते. बैल वखर ओढत नाही, गाडीचं चाक गुडघाभर रुतते. तोफ तं विचारूच नका. आज ट्रॅक्टरही रुतून बसतो अन् त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. म्हणून मी नकाशाआधी माती पाहतो. बाळापूरच्या उत्तरेला पूर्णेच्या अंगाला काळी खोल होत जाते, तोच आमचा खारपाणपट्टा. दक्षिणेला पातूरच्या डोंगराकडं जमीन चढते, मुरूम लागतो, पाणी लवकर निथळते. ज्या सेनापतीला जागा निवडायची मुभा असते तो श्रावणात तोफा चिबडात नेत नाही. तो जुन्या गाडरस्त्याच्या काठची उंच, बरड जमीन धरतो. हे माझं अनुमान आहे, पण चाळीस-पंचेचाळीस पावसाळे वावरात काढल्यावरचं अनुमान आहे.

बाहेरून येणारे लोक काय करतात? सरळ किल्ल्यावर जातात. मन अन् महेश या नद्यांच्या मधी उंचावर तो किल्ला आहे, पायथ्याला बाळादेवी आहे. बुरुजावर उभं राहून चहूकडं पाहतात अन् म्हणतात, इथूनच लढाई पाहिली असेल. पण किल्ला पुरा झाला १७५७ मध्ये, एलिचपूरच्या नवाबाच्या हातून. म्हणजे लढाईनंतर सदतीस वर्षांनी. आज जो बुरुज दिसतो त्याच्यावरून १७२० ची लढाई कोणी पाहिली नाही. उलट, मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून जी छत्री नदीकाठी आहे तिच्याकडं लढाईसाठी कोणी पाहत नाही. जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारले. छत्री त्यांच्या काळची असेल, तं फौजा आल्या तेव्हा ती उभी होती. डोळ्याला जे मोठं दिसते तेच जुनं, असं नसते.

याउलट आमच्याच अकोला जिल्ह्यातलं अडगाव पाहा. तेल्हारा तालुक्यात. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथं नागपूरकर भोसल्यांची अन् शिंद्यांची फौज एकीकडं अन् जनरल वेलस्ली दुसरीकडं अशी लढाई झाली. वेलस्लीनं दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं. एका गावातल्या बुरुजावर चढून पाहिलं तेव्हा सिरसोलीच्या पलीकडं दोनेक मैलांवर फौज दिसली, असं त्यात आहे. हा बुरुज गावगढीचाच असणार. गावातून मैदानात निघताना तोफा सुरू झाल्या अन् त्याच्या तीन पलटणी बुजून मागं पळाल्या, त्यानं स्वतः त्या पुन्हा उभ्या केल्या. लढाई जिंकल्यावर ३८ तोफा हाती लागल्या. दोन गावांची नावं, त्यांच्यामधलं अंतर, मैदानाची दिशा, एवढं लिहून ठेवल्यावर आजही सिरसोली अन् अडगावच्या मधी उभं राहून माणूस म्हणू शकतो, हे ते रान. नाव वाकडं लिहिलं तरी चालते, पण दोन खुणा अन् त्यांच्यामधलं अंतर पाहिजे. सरकारी मोजणीदारही तेच करतो. आधी दोन पक्के दगड शोधतो, मग साखळी टाकतो.

अन् याच वेलस्लीची दोन महिने आधीची गोष्ट मला फार आवडते. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. पुढं केळणा नदी, वाटाडे म्हणत होते की उतार नाही. त्यानं पाहिलं, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. तो म्हणाला, एवढी जवळ गावं असतील तं त्यांचं जाणं-येणं असणारच, अन् जाणं-येणं असेल तं उतार असणार. खरंच उतार निघाला. त्याच्याजवळ नकाशा नव्हता. त्रिकोण टाकून हिंदुस्थान मोजायचं काम लॅम्बटननं मद्रासेकडून १८०२ मध्ये नुकतंच सुरू केलं होतं. तो मोजत मोजत आपल्या हिंगणघाटपर्यंत आला अन् १८२३ मध्ये तिथंच वारला. म्हणजे असई अन् अडगाव ही दोन्ही मैदानं लढणाऱ्यांनी नकाशावर पाहिली नाहीत, जमिनीवर वाचली. आपल्यालाही तशीच वाचावी लागतील.

पण जमीनसुद्धा जागची राहिली नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला, त्यानंतर वावरांची मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले. म्हणजे आमचा सगळ्यात जुना गावनकाशा बाळापूरच्या लढाईहून सव्वाशे-दीडशे वर्षांनी लहान. पुढं बऱ्याच गावांत गट नंबर आले, तुकडे जोडले, तोडले. नद्यांनी पात्रं सरकवली. पांदणी नांगरल्या गेल्या. जुन्या कागदात एखाद्या गावाचं नाव येते अन् नकाशात ते नसते, कारण ते गाव कधीच उठून गेलं, रीठ पडलं. त्याची पांढरी माती तेवढी एखाद्या वावराच्या कोपऱ्यात दिसते.

लोक म्हणतात, खोदून पाहावं. आमच्या काळीचं एक आहे. उन्हाळ्यात ती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर पडलेली वस्तू भेगेतून खाली जाते. पावसाळ्यात माती फुगते, उलथते, खालचं वर येते. नांगर नाही लावला तरी ही जमीन स्वतःला नांगरत राहते. तीनशे वर्षांत तोफेचा गोळा कोणत्या थराला असेल ते कोण सांगेल? अन् वर एखादा गोळा सापडला तरी तो तिथंच पडला होता, का कोण्या बुढ्यानं धुऱ्यावर आणून टाकला होता, हेही सांगता येत नाही.

सापडलं तरी माणूस बोलत नाही, ही निराळी अडचण. १८७८ चा कायदा आहे की जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं काही सापडलं तं कलेक्टरला कळवावं. कळवणारे किती? त्या प्रोजेक्टवाल्या पोराला घेऊन मी आसपासच्या गावांत फिरलो. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, “आमचा बुढा सांगे का त्या पांदणीच्या पलीकडं तोफा चालल्या.” दुसरा म्हणाला, “नाही रे, थे तं नदीपलीकडं.” तिसऱ्यानं तिसरीकडं हात केला. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, जो तो लढाई दुसऱ्याच्या वावरात दाखवत होता. एकजण निघताना हळूच बोलला, “भाऊ, आमच्या गटात लिवजो नोको. उद्या सरकारनं पाटी लावली तं वावर ना इकायच्या कामाचं, ना घर बांधायच्या.”

त्याला हसता येत नाही. संरक्षित स्मारक जाहीर झालं की शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढं दोनशे मीटर परवानगीशिवाय वीट ठेवता येत नाही, हे त्यानं कुठून तरी ऐकलेलं. दोन-चार एकरांच्या धन्याला तीनशे मीटर म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. इतिहास सगळ्यांचा, पण वावर एकाचं. कोणत्याही शेतकऱ्याच्या पोटाला चिमटा बसेल अशा रीतीनं जागा शोधली तं ती कधीच सापडणार नाही, कारण दाखवणारा तोच आहे.

म्हणून मला वाटते, टिंब शोधायचा हट्ट सोडावा. लढाई एका टिंबावर होतही नाही. ती सकाळी एका शिवारात लागते, दुपारी दुसऱ्यात जाते, पळणारे तिसऱ्यात मरतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात लढाईच्या जागेला दोन आडव्या तलवारींची खूण असते अन् खाली वर्ष असते. तशी खूण एका गटात ठोकण्यापेक्षा चार शिवारांवर मिळून एक रेघ ओढावी अन् म्हणावं, या रेघेच्या आत. कोणाचा सातबारा अडणार नाही, अन् खोटंही होणार नाही.

पण ती रेघ ओढायलाही खुणा लागतात, अन् खुणा राहतात वावरांच्या नावांत. आमच्याकडं वावराला नंबर नव्हता, नाव होतं. वडाचं, थडीचं, गढीमागचं, पांढरीचं, मसणवटीचं. जे गाव नकाशातून गेलं, जो रस्ता नांगरला गेला, तो या नावांत बसून राहिला. आता ती नावंही चालली. पोरं म्हणतात, “बाबा, आपला गट नंबर काय?” बँकेला तोच लागतो, विम्याला तोच लागतो, विकायला तोच लागतो. हायवेला भराव पाहिजे म्हणून बरडं खणून मुरूम गेला, गावाजवळच्या वावरांत प्लॉट पडले. प्लॉटला नाव लागते ते बिल्डरच्या मुलीचं.

मी शंभर पानी वही केली आहे. डाव्या बाजूला गट नंबर, उजव्या बाजूला वावराचं नाव, खाली ज्यानं सांगितलं त्याचं नाव अन् तारीख. आमच्या गावचं बरंचसं लिहून झालं. त्यात नदीकाठच्या एका जागेचं नाव आलं, ‘गाडउतार’. आज तिथं उतार नाही, रस्ता नाही, बाभळी आहेत अन् रेती उपसल्यानं पडलेले डोह आहेत. जुन्या गाड्या तिथून नदी पार करत, हे नाव सांगते. अन् गाड्या पार होत असतील तं फौजही होऊ शकते. तिथून आलम अली खान गेला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की जुना रस्ता कुठून जात होता याची एक पक्की खूण सापडली. अशी दुसरी सापडली की मधी साखळी टाकता येईल.

‘गाडउतार’ हे नाव गावात दोघांना ठाऊक होतं. त्यातले एक गेल्या पोळ्यानंतर गेले. दुसऱ्यांना आता नीट ऐकू येत नाही, पण जागा ते काठीनं दाखवतात. शेजारच्या गावांतही असे दोघे-तिघे असतील. पीक निघून हात मोकळे झाले की मी पोराला घेऊन तिकडं जाणार आहे. वहीची साठेक पानं अजून कोरी आहेत.